रॉस गल आणि ‘ढळढळीत पुरावा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जानेवारी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेला आलेल्या रॉस गलला, म्हणजे आर्क्टिककडच्या एका दुर्मिळ समुद्रपक्ष्याला, मी ‘भरकटलेला पाहुणा’ म्हटलं, हे तुम्हाला खटकलं. आर्क्टिक वितळत असल्याचा ढळढळीत पुरावा दारात येऊन बसला आणि मी तो झटकून टाकला, असं तुमचं म्हणणं. शिवाय बहिरी ससाण्यांनी तो मारला तेव्हा दुर्बिणी घेऊन जमलेले लोक नुसते बघत राहिले, याचाही तुम्हाला राग आलाय.

आर्क्टिक तापतंय यावर आपला वाद नाहीच. १९७९ पासून तो भाग बाकीच्या पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलाय. माझा आक्षेप आहे तो एका पक्ष्यावरून हे सिद्ध करायला. हा छोटासा कुरव मुख्यतः ईशान्य सायबेरियात घरटी करतो, शरद ऋतूत हजारोंच्या संख्येने अलास्काच्या उत्तर टोकावरून जातो आणि हिवाळा रशियाच्या पूर्वेकडच्या ओखोत्स्क समुद्रासारख्या गोठत्या पाण्यात काढतो. त्यातला एखादा वाट चुकणं आजचं नाही. १९७५ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टला असाच एक आला होता, आणि त्याला बघायला हजारो लोक लोटले होते. तेव्हा तर आर्क्टिकमध्ये आजच्यापेक्षा कितीतरी जास्त बर्फ होता. २००६ साली एक थेट साल्टन सी या वाळवंटातल्या खाऱ्या तळ्यावर उतरला. वादळ, उपासमार, चुकलेली दिशा, कारण काहीही असू शकतं. नुसतं पक्ष्याकडे बघून ते कळत नाही. आणि पुढची दहा वर्षं एकही आला नाही, तर आर्क्टिक सावरलं म्हणायचं का?

पुरावा शोधायचा तर विणीच्या जागी जावं लागतं. आर्क्टिकमधलाच दुसरा कुरव, आयव्हरी गल घ्या. पांढराशुभ्र, समुद्रातल्या बर्फाच्या कडेने जगणारा, ध्रुवीय अस्वलांनी मारलेल्या सीलच्या उरल्यासुरल्यावरही पोट भरणारा. कॅनडातल्या संशोधकांनी २००२ पासून त्याच्या जुन्या वसाहती पुन्हा मोजायला घेतल्या, तेव्हा १९८०च्या दशकाच्या तुलनेत सुमारे ८० टक्के पक्षी कमी भरले. मला त्याहून हलवून गेलं ते दुसरं काम. संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आयव्हरी गलची पिसं तपासली गेली, १८७७ पासून २००७ पर्यंतची. त्यांतला मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं अत्यंत विषारी रूप, ४५ पट वाढलेला निघाला. त्यांचं खाणं बदलल्याची खूण मात्र पिसांत सापडली नाही, म्हणजे वाढला तो भोवतालचा पाराच. जिथे कारखाना नाही, रस्ता नाही, तिथे आपल्या कोळशाच्या धुरातला पारा वाऱ्यावरून पोचतोय. तुमच्या रागाला इथे जागा आहे, आणि तो माझाही आहे.

आता ससाण्यांचं. दोन ससाण्यांनी मिळून तो रॉस गल मारला. तो बघायला दुरून निघालेले कितीतरी जण अजून वाटेतच होते. त्यांची हळहळ मी समजू शकतो. पण डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन १९७०च्या सुमारास याच कॅलिफोर्नियात बहिरी ससाण्यांच्या घरटी करणाऱ्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, माणसांनी कड्यांवरची अंडी उबवून पिल्लं वाढवली, तेव्हा कुठे हा पक्षी परतला. त्याने आपली शिकार केली, तर त्याला हुसकावून लावा असं मी कुणालाही सांगणार नाही, समोर कितीही दुर्मिळ पाहुणा असला तरी.