पोरांनी खेळायचं कुठे, ते आधी सांगा

आज सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठराव आला. पार्किंगमध्ये क्रिकेट, फुटबॉल, सायकल, सगळं बंद. कुणी खेळताना दिसलं तर पालकांना पाचशे रुपये दंड. खाली अंगठ्यांची रांग लागली. आणि याच मंडळींनी परवा याच ग्रुपवर व्हिडिओ फिरवला होता, आजची पोरं मोबाईलच्या कशी आहारी गेलीत म्हणून! तेव्हापासून डोकं भणभणतंय. कामात लक्ष लागेना, म्हणून इथे लिहितेय.

हो, मागे एका गाडीची काच फुटली होती, मान्य आहे. पण काच नवी बसते हो.

पोरं घरात कोंडली की कुठे जातात, हे कळावं म्हणून माझ्या ताईच्या मुलाबद्दल सांगते. नाव लिहीत नाही, आता तो कॉलेजात आहे, त्याला आवडणार नाही. २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा तो सातवी-आठवीच्या उंबरठ्यावर. ताई बँकेत, भाऊजी चाकणला शिफ्टमध्ये. बँका चालूच होत्या, त्यामुळे पोरगं दिवसभर घरात एकटं. शाळाही मोबाईलवरच. इतकी वर्षं ज्या मोबाईलला हात लावू दिला नाही, तोच आता वर्ग म्हणून सकाळपासून समोर. त्या सप्टेंबरात सरकारने पबजीवर बंदी घातली तेव्हा ताईने देवापुढे साखर ठेवली. काही दिवसांतच हा दुसऱ्या गेमवर गेला. बंदीने त्याच्यासाठी काय बदललं? मोबाईलवरचं चित्र बदललं, एवढंच.

रात्री रोज तेच भांडण. ताट वाढलेलं, ताई हाका मारतेय, आणि आतून "पाच मिनिटं". एकदा मी त्यांच्याकडे राहायला होते, तेव्हा त्याच्या शेजारी बसून नीट पाहिलं. शंभर जण मैदानात, चौघाचौघांच्या टीम, मॅच अर्धा तास चालते आणि मध्येच थांबवता येत नाही. हा उठला तर उरलेले तिघं उघड्यावर पडणार. आणि टीमला सूचना देणारा हाच होता. "तू छतावर जा, मी कव्हर देतो... थांब, थांब... आता पळ!" एकही शब्द अडला नाही.

हे मी का सांगतेय? कारण आमचं हे पोरगं लहानपणापासून बोलताना अडखळतं. वर्गात धडा वाचायला उभं केलं की 'प'वर अडकायचा, आणि मागच्या बाकावरून त्याचंच 'प-प-प' परत यायचं. बाई गप्प. घरी भाऊजी म्हणायचे, "नीट बोल, घाई कसली आहे?" उभ्या आयुष्यात त्याचं ऐकणारी माणसं त्याला पहिल्यांदा त्या हेडफोनमध्ये भेटली. नांदेडचा एक, इंदूरचा एक, तिसरा कुठला ते त्यालाही माहीत नव्हतं. ती सोडून तो थंड वरण-भातासाठी का उठेल, सांगा ना मला!

तोच गेम खेळणारी इतर मुलं आईची हाक आली की उठतात, हेही खरं. मग असं म्हणू की पोरगंच कमजोर? मला तसं वाटत नाही. ज्याला शाळेत जीव लावणारं कुणी नाही, जो मनातून घाबरलेला आहे, ज्याचं चित्त एका जागी ठरत नाही, ज्याच्या घरी रोज आवाज चढतात, तोच आत ओढला जातो. आणि ओढणारे, म्हणजे गेम बनवणारे, काही झोपलेले नाहीत. रोज लॉगिन केलं तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. सीझन संपला की कमावलेली रँक खाली, पुन्हा चढा. गेममधल्या बक्षिसांच्या बंद पेटीतून काय निघेल ते पैसे भरल्यावरच कळणार. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पैसे भरून उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे वयाची अट म्हणजे जन्मतारखेचा रकाना, तिथे बापाची तारीख टाकली की झालं. संताप येतो. मोठमोठी शिकलेली माणसं बसून ठरवतात की तेरा वर्षांच्या पोराने उठू नये, आणि आपण त्या पोरालाच विचारतो, तुला कळत नाही का?

भाऊजींनी एका रात्री राउटर भिंतीवर आपटला. पोरगं चप्पल न घालता जिना उतरून गेलं, पहाटेपर्यंत सापडलं नाही. ताईचा त्या रात्रीचा फोन मी कधीच विसरणार नाही. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

भाऊजींवरही आता राग नाही माझा. रात्रपाळी करून आलेला माणूस, त्याला कुणी शिकवलं होतं यातलं?

पुढे ज्या समुपदेशक बाईंकडे नेलं, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुझी रँक काय?" तोवर हे त्याला घरात कुणीच विचारलं नव्हतं. तो अर्धा तास बोलला, अडखळत, आणि त्यांनी एकही वाक्य त्याच्यासाठी पूर्ण केलं नाही. स्पीच थेरपी त्यानंतर सुरू झाली. गेम लगेच सुटला नाही. आधी रात्रीचा सुटला, मग परीक्षेतला. अजूनही खेळतो, पण हाक मारली की मॅच संपवून येतो.

आणि दोन तास खेळणाऱ्या प्रत्येक पोराला व्यसनी म्हणणं बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमचं व्यसन आजार म्हणून मान्य केलं, तेही ठरावीक लक्षणांवर: खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबवत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं. तसं दिसत असेल तर मात्र थांबू नका. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मोठ्या सरकारी संस्थेत, २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे. तितकं लांब जमणार नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फक्त पोराला अंधारात ठेवून फोन लावू नका. त्याला सांगून लावा, आणि तो बोलायला लागला की मध्ये बोलू नका.