इंजेक्शनने हाडातली मोठी पोकळी भरत नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: 'अपघातात हाडाचा तुकडा गेला तरी घाबरू नका. स्टेम सेलचं (नवं हाड बनवू शकणाऱ्या मूळ पेशींचं) एक इंजेक्शन घेतलं की पाच-सहा सेंटिमीटरची पोकळीही भरून येते. कमरेचं हाड काढायला नको, पायाला रिंग नको. पेशी आपल्याच, त्यामुळे धोका शून्य.' हे वाचून कुणी चालू उपचार सोडले तर पाय गमवायची वेळ येऊ शकते, म्हणून लिहितोय.

'पोकळी भरून येते.' नुसत्या पेशींनी नाही. पेशी जगते ती रक्तवाहिनीपासून साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या आत, आणि इथे अंतर सेंटिमीटरांचं आहे. मधल्या पेशी प्राणवायूवाचून मरतात. त्यांना धरून ठेवायला सच्छिद्र सांगाडा लागतो, हाड हलू न देणारा आधार लागतो. इटलीतल्या संशोधकांनी 2001 मध्ये तीन रुग्णांचे अनुभव मांडले. त्यातही रुग्णाच्याच मज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून सिरॅमिकच्या सांगाड्यावर रुजवल्या आणि शस्त्रक्रियेने बसवल्या होत्या. उमेद वाटावी असंच ते काम आहे, पण रुग्ण तीन.

मेसेजवाले बहुतेक वेळा 2005 च्या फ्रेंच अभ्यासाकडे बोट दाखवतात. नडगीचं न जुळलेलं हाड असलेल्या 60 जणांना मज्जेतल्या पेशी घट्ट करून टोचल्या, 53 जणांचं हाड जुळलं. अभ्यास खरा आहे. पण ती न जुळलेली फ्रॅक्चर होती, तुकडाच गायब झालेली हाडं नव्हेत.

'कमरेचं हाड नको, रिंग नको.' कमरेच्या हाडाचा तुकडा काढून पोकळीत भरला की जिवंत पेशी, सांगाडा आणि वाढीचे संदेश एकत्रच मिळतात, म्हणून सर्जन आजही आधी त्याचा विचार करतात. रिंग म्हणजे पायाभोवती बाहेरून बसवलेली, तारांनी हाडाला जोडलेली चौकट. ही पद्धत सोव्हिएत सर्जन इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकात सुरू केली. हाड कापून त्याचा तुकडा हळूहळू पोकळीकडे सरकवतात, मागे नवं हाड तयार होत जातं. त्यासाठी चौकटीचा नट दिवसातून चार वेळा, दर वेळी पाव मिलिमीटर फिरवायचा. पाच सेंटिमीटरला पन्नास दिवस, आणि नवं हाड घट्ट व्हायला त्याहून कितीतरी जास्त. त्रास खूप होतो, पण हाड खरोखर तयार होतं.

'धोका शून्य' हे तर सर्वांत घातक. पेशी वाढवताना जंतू शिरू शकतात. आधीच पू असलेल्या जागी त्या टोचून काहीच साधत नाही. अशा जागी सर्जन आधी मेलेलं पांढरं हाड छिन्नीने तासत जातो, रक्ताचे बारीक लाल ठिपके दिसेपर्यंत, म्हणजे जिवंत हाड लागेपर्यंत. पुढचं सगळं त्यानंतर.

तुम्हाला कुणी हे इंजेक्शन सुचवलं तर एवढं विचारा: ही नोंदणी झालेली क्लिनिकल ट्रायल (रुग्णांवरची वैद्यकीय चाचणी) आहे का, आणि पेशी कशावर बसवणार?