‘जुना खेळाडू’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

शाळेच्या खेळाच्या तासाला मुलांच्या मनाचाही सराव घ्यावा, त्यात श्वासावर लक्ष आणि सरावाची वही असावी, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर आपली प्रतिक्रिया आली.

‘पोट्ट्यांना श्वास मोजायला लावून, वह्या भरवून खेळाडू घडत नाहीत. आमच्या वेळी सर चार फेऱ्या जास्त मारायला लावत, मन आपोआप घट्ट होई,’ असं आपण लिहिलंत. वर ‘एसीत बसून लिहिलेलं दिसतं’ हा शेरा. मुद्दा मांडायला एसी कशाला लागला, कळलं नाही. नागपूरच्या रेशीमबाग मैदानाच्या धुळीत माझी हयात गेली आहे. स्वतःचं नावही न लिहिणाऱ्याकडून मैदानाचा दाखला घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

वह्यांचं मान्य. पाचवी-सहावीला लिहायला लावू नये. तास संपताना तोंडी एक प्रश्न पुरतो: ‘आज घाई कुठे झाली?’

आता ते ‘आपोआप’. फेऱ्या मारून जे टिकले ते आज प्रतिक्रिया लिहितात. कंटाळून खेळ सोडला ते लिहायला येत नाहीत. खो-खो घ्या. आठ जण बसलेले, तोंडं आळीपाळीने उलट दिशांना. पाठीला हात लागून ‘खो’ ऐकू येईपर्यंत उठायचं नाही. आधी उठला की फाऊल, आणि धावणारा तेवढ्यात निसटतो. उठायची उबळ दाबून कान उघडे ठेवणं हे मनाचंच काम, आणि ते शिकवता येतं. आठांना बसवा, मागून एकाला फिरवा. कधी नुसता हात, कधी नुसता ‘खो’, कधी ‘गो’. हात आणि ‘खो’ एकदम आले तरच उठायचं. दोन मिनिटं शांततेत, मग उरलेल्या वर्गाला ओरडू द्या. हुलकावण्या एकाच ठेक्यात दिल्या तर सराव वाया जातो, कारण मुलं ठेका पकडतात आणि ऐकणं सोडतात. आणि आपल्या लाडक्या फेऱ्यांनीही तो बिघडतो. चुकून उठलेल्याला फेरीला पाठवलंत, की पुढे खऱ्या ‘खो’लाही तो बिचकत, उशिरा उठतो. चुकला तर खाली बसवा, पुन्हा सुरू. बस्स.

श्वासाचंही तसंच. डोळे मिटून बसा असं मी कुठे लिहिलंय, दाखवा. बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रोला, म्हणजे फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीला, 5 सेकंद मिळतात. चेंडूचे दोन टप्पे, एक लांब उच्छ्वास, नजर रिंगवर, फेक. एवढंच बसतं त्यात. मात्र ताज्या दमाने घोटून घेतलेलं सामन्यात विसरतं; कोर्टाच्या दोन धावा काढून, धापा टाकतानाच करून घ्यावं. म्हणजे धावण्याशी माझं वैर नाही. शिक्षा म्हणून धावण्याशी आहे. त्यातही एप्रिलात, नागपूरच्या अकराच्या उन्हात? काय बाप्पा!

एका शिक्षकामागे 60 मुलं, आठवड्याला दोनच तास, मैदानावर लग्नाचे मांडव, ही आपली बाकीची यादी. ती मुख्याध्यापकांना द्या, मला नको.