गॅसचे फोटो, आजीचं सोवळं आणि तुमचा मुलगा

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली आणि मोबाइल पालथा घालून ठेवला. त्या रात्री उत्तर दिलं असतं तर तोंडातून भलतंच गेलं असतं. आज रविवार, कपडे वाळत घालून झालेत, डोकं बऱ्यापैकी शांत आहे.

इतरांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात मी माझ्या ओसीडीबद्दल, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत मंत्रचळाबद्दल लिहिलं होतं. यात तीच शंका पुन्हा पुन्हा येते आणि ती शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. त्यापायी मनात येणारे आत्महत्येचे विचार आणि घरून न मिळालेला आधार, हेही त्यात होतं. तुमचं म्हणणं असं : मी जन्मदात्यांना चव्हाट्यावर आणलं. हे रिकाम्या डोक्याचं खूळ आहे, नामस्मरण आणि शिस्त पुरे. मरणाची भाषा करणारे घरच्यांना वेठीला धरतात. घरचं माणूस सोबत नसेल तर डॉक्टरही दारात उभं करत नाही. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता : "माझा मुलगा दीड-दीड तास बाथरूममध्ये असतो, मी त्याला वळण लावतोच आहे. तुमचं वाचून त्याच्या डोक्यात भलतं शिरायला नको."

मुलाचं शेवटी बोलू. माझ्या मते तुमची प्रतिक्रिया तिथेच सुरू होते.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे, ती आधी मान्य करते. त्या लेखात 'मी एकटीने निभावलं' असा सूर लागला होता आणि तो खोटा होता. माझी रूममेट होती. डबा देणाऱ्या काकू होत्या, ज्यांना माझ्या आजाराचं नावही धड घेता येत नाही, पण डबा परत आला नाही की त्या स्वतः जिना चढून यायच्या. सरकारी रुग्णालयातली सोशल वर्कर होती, केसपेपरच्या रांगेत रडताना तिने मला बाजूला घेतलं होतं. घरच्यांवरच्या रागात मी या तिघींना लेखातून गाळलं. चूक झाली.

आता आई-वडील. ते दुष्ट आहेत असं मी लिहिलं नव्हतं आणि तसं मला वाटतही नाही. आमचं घर बार्शीचं. आजी कडक सोवळ्यातली, तिचा नळ वेगळा, तांब्या वेगळा. चौदाव्या वर्षी मी हात धुऊन धुऊन सोलवटून घेतले तेव्हा घरात कौतुक झालं, 'आजीवर गेलीय गं पोर'. कुणाला कळणार होतं? मलाही कळलं नाही. फरक पुष्कळ वर्षांनी लक्षात आला. आजीचं सोवळं पूजेबरोबर संपायचं. नैवेद्य झाला की ती ओसरीवर पाय पसरून बसायची, मिश्री लावायची आणि शेजारणीच्या सुनेची उणीदुणी काढायची. माझं संपायचं नाही. हात स्वच्छ झालाय हे डोळ्यांना दिसायचं, पण 'झालं' असं आतून कुणी म्हणायचंच नाही. हा आजार असाच आहे. त्याला शिस्तीची कमतरता म्हणता तेव्हा हसू येतं, कारण माझ्याइतकी शिस्त बार्शीत कुणाला नसेल.

पुण्यात नोकरीला आल्यावर हात सुटले आणि गॅस आला. बटण बंद आहे का, रेग्युलेटर बंद आहे का. स्वारगेटहून दोनदा परत फिरले आहे. मग युक्ती काढली, निघताना बटणाचा फोटो काढायचा. सुरुवातीला एक. नंतर बोट दिसेल असा एक, घड्याळ दिसेल असा एक. एका जुलैअखेर मोबाइलची मेमरी भरली म्हणून पाहिलं तर गॅसच्या शेगडीचे 214 फोटो. बहिणीच्या लग्नाचे अकरा.

या काळात आईला रोज फोन असायचा. "आई, मी बंद केला असेल ना गं?" ती म्हणायची, "केलाच असशील बाळा." दहा मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा फोन. तिला वाटायचं ती धीर देतेय, आणि आजार त्या धीरावरच पोसत होता. पुढे बाबांनी आईच्या हातातून फोन काढून घेतला : "हे नाटक बंद. पुन्हा गॅसचं नाव काढलंस तर घरी यायचं नाही." म्हणजे आधी आजाराला हवं ते सगळं दिलं, मग एका दिवसात माणसासकट तोडून टाकलं. डॉक्टरकडे जाते म्हटल्यावर 'वेड्यांच्या डॉक्टरकडे गेलेली मुलगी कोण करून घेईल' हा प्रश्न आला. नंतर अंगारा आला, कुरिअरने. नामस्मरणही केलं बरं का. चार महिन्यांत जपाचा आकडा चुकला की पहिल्यापासून सुरू करायची पाळी आली. मंत्रचळ हा शब्द कुणी बसवला माहीत नाही, पण त्याला जवळून माहीत असणार.

उपचार कसा चालतो हे लेखात नीट आलं नव्हतं, ते सांगते. शंका येऊ द्यायची आणि तिला शांत करण्यासाठी जे करतो ते करायचं नाही. 1966 मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये दोन रुग्णांवर ही वाट दाखवली, आज तिला ईआरपी (एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात. ऐकायला सोपं आहे. माझ्या थेरपिस्टनी पहिल्या आठवड्यात सांगितलं, एकच फोटो काढायचा आणि तो पाहायचा नाही. मी जिन्यात बसून घामाघूम झाले. "पण गॅस बंद असेल ना?" असं विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "असेल, नसेल." असा राग आला होता! पण साधारण चाळीस मिनिटांनी पोटातला भीतीचा गोळा आपोआप खाली बसला. फोटो न पाहता बसला. सोबत औषधाच्या गोळ्या होत्या. ओसीडीत त्यांचा डोस नैराश्याच्या मानाने बहुधा जास्त लागतो आणि गुण यायला दहा-बारा आठवडे जातात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात 'काही उपयोग नाही' म्हणून सोडणारे पुष्कळ. मीही एकदा सोडल्या होत्या.

मरणाच्या विचारांबद्दल तुम्ही 'वेठीला धरणं' म्हणालात. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक विचार नको असताना येतो, मेट्रोच्या फलाटावर उभं असताना 'आपण काही करून बसलो तर?' असा, आणि अंगावर काटा येतो. नको नको ते विचार धडधाकट माणसांनाही येतात, रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच ते दाखवलं. ओसीडीवाला त्याला चिकटून बसतो इतकंच. दुसरा वेगळा. तो घाबरवत नाही, उलट थकलेल्या माणसाला सुटकेसारखा वाटतो. मला दोन्ही आलेत. कुठला कुठला हे एकट्याने ठरवायच्या भानगडीत पडू नये, सरळ डॉक्टरला सांगावं. दुसऱ्या जातीचा आला त्या रात्री मी रूममेटला उठवून एवढंच म्हटलं, "मला आज एकटी ठेवू नकोस." घरात जे जवळ असणं धोक्याचं वाटत होतं ते तिने दुसऱ्या दिवशी आपल्या मावशीकडे नेऊन ठेवलं. मी कुणाला वेठीला धरलं असेल तर त्या मुलीची झोप. घरी तर मी कळवलंही नाही.

आणि 'घरच्यांशिवाय डॉक्टर उभं करत नाही' हे ऐकून कुणी घरी बसू नये म्हणून ठासून लिहिते. सज्ञान माणूस स्वतःच्या पायांनी ओपीडीत जाऊ शकतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपला प्रतिनिधी आपणच नेमायची सोय आहे. साध्या कागदावर लिहून सही करायची, आणि तो माणूस नातेवाईकच हवा असं नाही. माझ्या कागदावर रूममेटचं नाव आहे. एका दवाखान्यात मला 'वडिलांना घेऊन या' म्हणून परत पाठवलं होतं हे खरं आहे, तेव्हा मला हा कायदा माहीत नव्हता. पोलीस केसच्या भीतीने घरं गप्प बसतात, त्याचंही सांगते : याच कायद्याचं कलम 115 म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध झालं नाही तर, तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, आणि त्याची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं हे सरकारचं काम आहे.

आता तुमचा मुलगा.

त्याला ओसीडी आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. तो किती वर्षांचा आहे तेही तुम्ही लिहिलेलं नाही. पण दीड तास पाण्याखाली कुणी मजेने उभं राहत नाही. कधीकाळी माझाही सव्वा तास व्हायचा. कान धुतला की खांदा, खांदा धुतला की पाण्याचा थेंब भिंतीला लागून परत अंगावर आला का ही शंका, मग पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून बाबा दार वाजवायचे आणि दचकून माझी मोजणी चुकायची. मोजणी चुकली की आणखी वीस मिनिटं. तुम्ही बाहेरून ओरडता तेव्हा आत काय होतं ते एवढंच सांगता येईल मला.

माझं वाचून त्याच्या डोक्यात भलतं शिरेल ही भीती समजते. पण 'तुला जगणं नको असं वाटतं का रे?' हे थेट विचारल्याने तो विचार पेरला जात नाही, हे डॉक्टर आवर्जून सांगतात. मला कुणीतरी विचारावं याची मी दोन वर्षं वाट पाहिली. विचाराल तेव्हा त्याची आई समोर नको, तुमचा आवाज नेहमीचा हवा, आणि तो 'हो' म्हणाला तर पुढची पाच मिनिटं काहीही समजावू नका. त्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे न्या, तोवर एकटा ठेवू नका. रात्र असेल तर 14416 ला फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. बापाने केला तरी चालतो. अगदीच जीवावर बेतलं तर 112.

तुम्हाला थेट लिहायचं असेल तर प्रतिक्रियेत लिहा, मी ती प्रसिद्ध न करता उत्तर देईन. आणि त्याने विचारलंच तर त्याला सांगा, पुण्यात एक ताई आहे, तिच्याकडे शेगडीचे 214 फोटो होते. परवा ती एकही फोटो न काढता बार्शीला जाऊन आली. टेंभुर्णीपर्यंत पोटात गोळा होता.