5 लाखांच्या कार्डाचा तो मेसेज आधी नीट वाचूया

गावच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला, तुमच्याकडेही फिरत असणारच. म्हणतोय काय तर आयुष्मान कार्ड काढलं की 5 लाख तुमचे, कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात थेट जा, कार्ड नसेल तर दारात कोण उभं करत नाही, सरकारी दवाखान्यात पांढऱ्या गोळ्यांशिवाय काही नाही, आणि नाहीच जमलं तर आपल्या सीमाभागाला महाराष्ट्रात सगळं फुकट. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातला, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे असले कागद भरून देतो, म्हणून राहवलं नाही.

आधी ते "थेट जा". इथंच माणसं फसतात. कर्नाटकात 2018 पासून ही योजना आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक नावानं आहे. बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, पण अख्ख्या घराला मिळून, माणशी नाही, आणि पैसे खात्यावर येत नाहीत, हॉस्पिटलाला जातात. नियम असा की ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर पहिल्यांदा सरकारी दवाखाना, तिथं होत असेल तर तिथंच करायचं, होत नसेल तर तिथनं रेफरल लिहून घ्यायचं आणि मग योजनेत असलेलं प्रायव्हेट. ॲक्सिडेंट, हार्ट ॲटॅक असली इमर्जन्सी असेल तर रेफरल लागत नाही.

आमच्या गल्लीतले एक काका गौंडीकाम करतात, हर्निया होता. मेसेज वाचून पोरगा त्यांना थेट बेळगावला एका प्रायव्हेटात घेऊन गेला, सकाळच्या पहिल्या एसटीनं, उपाशीपोटी. काउंटरवरच्या बाईनं कार्ड उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, हे सरकारीत होतंय, तिकडं जावा. दोघांची हजेरी बुडाली, गाडीभाडं गेलं, काका संध्याकाळी कट्ट्यावर बसून सगळ्यांना सांगत होते की कार्ड खोटंय. कार्ड खोटं नव्हतं हो, रस्ता चुकीचा सांगितला होता. पुढं सरकारीतच झालं ऑपरेशन.

"कार्ड नसेल तर उपचारच नाही" हे पण अर्धवट. एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरच्या) कुटुंबाला याच योजनेत ठरलेल्या पॅकेजच्या 30 टक्के मिळतात, वर्षाला घरटी दीड लाखापर्यंत. उरलेले 70 टक्के रोजगारानं जाणाऱ्याला झेपत नाहीत हे कबूल, पण काहीच नाही असं सांगून माणसाला घरी बसवू नका. टीबीचे औषध तर कार्डाबिर्डाशिवाय फुकट, वर उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये पोषणाला येतात (2024 च्या नोव्हेंबरच्या आधी 500 होते). आणि जीवावर बेतलेल्या पेशंटला आधी डिपॉझिट भरा म्हणून प्रायव्हेटवाल्यानं अडवायचं नाही, हे कर्नाटकाच्या कायद्यात 2017 च्या दुरुस्तीत आलंय.

आता पांढऱ्या गोळ्या. मला खरा राग याचा येतो, कारण हे 5 लाख लागतात ॲडमिट झाल्यावर. रोजची ओपीडी, बीपी, शुगर, खोकला, यातलं त्या 5 लाखांत काहीच बसत नाही. म्हणजे ज्यासाठी गरीब माणूस बारा महिने खिसा रिकामा करतो तेच बाहेर! ते फुकट मिळतं सरकारीतच, जवळ म्हणजे पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) नाहीतर गावच्या सबसेंटरला, आणि मेसेज नेमकं तिथंच जाऊ नका म्हणतोय. आमच्या शेजारच्या आजी बीपीची गोळी तिथनंच आणतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली वही, त्यात सिस्टरनं तारखेनं लिहिलेले आकडे. गोळी पांढरीच आहे, आणि मेडिकलात विकत घेतली तरी पांढरीच मिळते.

सगळं गोड आहे असं नाही म्हणत मी. डॉक्टर कधी मीटिंगला गेलेले, गोळ्या संपलेल्या, आणि चिठ्ठी, बोर्ड सगळं कन्नडात, आजींना पोरगं बरोबर लागतंच वाचायला. यावर भांडायला पाहिजे, पण भांडायला आधी तिथं जायला तरी हवं की.

महाराष्ट्राचं म्हणाल तर 2023 मध्ये तिकडच्या सरकारनं महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली, तो वाद आपण सगळे ओळखून आहोत. पण ती पण ॲडमिट झाल्यावरची, ठरलेल्या आजारांची, यादीतल्या हॉस्पिटलांचीच योजना आहे. "सगळं फुकट" कुठून काढलं? बीपीची गोळी आणायला कोण कोल्हापूरला जाणार, भाडंच गोळ्यांपेक्षा जास्त.

तर काकांच्या पोराला मी म्हटलं, तो मेसेज तूच टाकला होतास ना ग्रुपवर, आता काय झालं ते पण टाक. म्हणाला, टाकतो. अजून टाकलेलं नाही.