तोटी इराणी दिसते, माती कुठली?

"जोर्वे संस्कृतीची तोटीची भांडी इराणहून आली, कार्बन डेटिंगनं सिद्ध झालंय" असा मेसेज सध्या ग्रुपागणिक फिरतोय. जोर्वे म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची महाराष्ट्रातली शेतकऱ्यांची संस्कृती. मेसेजसोबत दोन फोटो, एक आपल्याकडचं भांडं, एक तिकडचं. दिसतात सारखी, हे कबूल.

आधी कार्बन डेटिंग. त्यातून वय कळतं, गाव नाही. आणि वयही मातीचं नव्हे. भांड्याला धरलेल्या काजळीचं, मुरलेल्या चरबीचं किंवा त्याच थरातल्या जळक्या धान्याचं. "इराण" हे उत्तर त्या चाचणीतून निघूच शकत नाही.

तोटीचं साम्य मात्र हवेतलं नाही. नर्मदाकाठच्या नावडातोलीतल्या तोटीच्या पेल्यांची इराणी भांड्यांशी तुलना खुद्द पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी केली होती. पण आकार बघूनही उचलता येतो. पैठणीचा काठ सुरतेतही निघतोच की!

भांडं कुठलं, हे मातीला विचारावं लागतं. खापराचा काप काचेवर चिकटवून 0.03 मिलिमीटर जाडीपर्यंत घासतात. एवढा पातळ झाला की दगडाच्या कणातूनही उजेड आरपार जातो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली खनिजं ओळखू येतात. शिरूर तालुक्यातलं इनामगाव, जिथे जोर्वे काळातली वस्ती खणून काढली, ते घोड नदीवर आहे आणि घोड वाहते ती काळ्या बेसाल्टच्या मुलखातून. तिच्या गाळात प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन ही बेसाल्टमधली खनिजं सापडायला हवीत. ग्रॅनाइटच्या मुलखातली माती असेल, तर क्वार्ट्झ आणि अभ्रक डोळ्यांत भरतात. अर्थात ज्वालामुखीचे दगड इराणातही आहेत, त्यामुळे नुसता बेसाल्ट दिसला म्हणून भागत नाही. त्यात जोर्वे भांड्यांची माती इतकी निवळून घेतलेली (टिचकी मारली तर धातूसारखी खणकते) की त्यात कण कमीच. मग रसायनाकडे वळावं लागतं: अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करून स्कँडियम, लँथॅनम, थोरियम अशी अगदी किंचित असलेली मूलद्रव्यं मोजतात आणि ती ज्ञात ठिकाणच्या मातीशी ताडतात.

ताडायला सगळ्यात भरवशाचा नमुना म्हणजे कुंभाराच्या भट्टीजवळचं खापर. इनामगावात तर जोर्वे काळातली भट्टीच सापडलीय. मेलेल्या लहान मुलांना घरच्या जमिनीखाली पुरायचे ते तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत, आणि ते रांजणही हातानं घडवलेले, जाडेभरडे. हे कोण इराणहून वाहून आणेल?

राहिलं "लॅबनं सांगितलं म्हणजे संपलं". ग्रीसमधल्या थीब्जला प्राचीन लिपीतली अक्षरं रंगवलेले तेलाचे बुधले मिळाले होते. रासायनिक तपासणीनंतर 1965 साली त्यांतले काही क्रीट बेटाच्या पूर्व भागातले ठरवले गेले. पुन्हा तपासल्यावर, 1980 साली, बोट पश्चिम क्रीटकडे वळलं. यंत्र फक्त ताडायला घेतलेल्या नमुन्यांच्या यादीतला सर्वांत जवळचा नमुना दाखवतं; खरं गाव यादीतच नसेल तर दुसऱ्याच गावाचं नाव पुढे येतं. मेसेजमध्ये दोन भांड्यांचे फोटो आहेत. कुठली माती कुठल्या मातीशी ताडली, हे मात्र कुठेच नाही.