‘लाडांमुळे मूल बुजरं होतं’ : या दाव्याला उत्तर

समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरतोय : ‘कुठलंही मूल जन्मतः बुजरं नसतं. आईवडिलांच्या लाडांनी ते तसं होतं. चारचौघांत ढकला, भीती आपोआप जाईल.’ तो वाचून किती आईवडील स्वतःला दोष देत असतील, या विचाराने राग येतो.

‘जन्मतः बुजरं नसतं.’ हे चूक आहे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना हलती खेळणी दाखवली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण २० टक्के बाळं हातपाय झाडत रडू लागली. पुढे नव्या माणसांसमोर बिचकणाऱ्या मुलांत याच बाळांचं प्रमाण जास्त निघालं. चार महिन्यांत लाडांनी असं काय बिघडणार? वयाच्या दुसऱ्या वर्षी बुजऱ्या असलेल्यांचा मेंदू तरुणपणी तपासला, तेव्हाही अनोळखी चेहरे पाहताना अमिग्डाला हा भीतीशी निगडित भाग इतरांपेक्षा जास्त सक्रिय झाला. ही पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली.

‘लाडांनी होतं.’ अतिकाळजीने भीती टिकते, एवढं खरं. पण मूल घाबरतं म्हणूनही आईवडील त्याला जपतात, ही बाजू मजकुरात नाही. भीती टिकते ती अशी : मूल घोळक्यातून बाजूला होतं, त्याला लगेच हायसं वाटतं आणि टाळणं अंगवळणी पडतं. लोक हसतील ही धास्ती खरी की खोटी, हे पडताळायची संधीच त्याला मिळत नाही. किशोरवयात बरोबरीच्यांचं मत फार मोलाचं वाटू लागतं. सोशल अँग्झायटी, म्हणजे लोकांसमोर जाण्याची, ते काय म्हणतील याची आयुष्य अडवणारी भीती, बहुधा याच वयात डोकं वर काढते.

‘ढकला.’ कृपा करून ढकलू नका. भीतीला सामोरं जाणं हा उपाय आहेच, पण पायरीपायरीने आणि मुलाच्या संमतीने. आधी एकाच ओळखीच्या मुलाशी खेळणं, मग दोघांशी. तयारी नसताना मंचावर उभं केलं आणि खरंच कुणी हसलं, तर त्याची धास्ती खरी ठरते.

यावर ‘मग स्वभावाला औषधच नाही’ असं म्हणणारेही भेटतील. तेही मला मान्य नाही. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणाऱ्या २०१२ च्या एका विश्लेषणात बुजऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांना पुढे सोशल अँग्झायटी झाली, इतरांत १२ टक्क्यांना. धोका मोठा आहे, तरी निम्म्याहून अधिक बुजरी मुलं त्यातून सुटलीच. ऑस्ट्रेलियात मानसशास्त्रज्ञ रॉन रॅपी यांनी अशा लहानग्यांच्या पालकांसाठी फक्त ६ सत्रं घेतली. वर्षभराने त्या मुलांमध्ये, ज्यांच्या पालकांना ही सत्रं मिळाली नव्हती त्यांच्यापेक्षा, चिंताविकार कमी आढळले. शिकवलं होतं ते आईवडिलांना, ज्यांना हा मजकूर दोषी धरतो.